एका शाळेचा वारसा



वसंतातील ह्या ज्ञानसत्रात शाळेवर बोलावयाचे म्हटले की श्रोत्यांच्या मनात दोन विषय उभे राहतात. एक अभ्यासक्रमाचा, दुसरा शिस्तीचा. आज ह्या दोहोंना बाजूला न सारता, पण त्यांच्या थोडे मागे जाऊन, मी तिसराच प्रश्न आपणांपुढे मांडणार आहे. प्रत्येक जुनी शाळा आपल्या वारशाविषयी अभिमानाने बोलते. शताब्दीचा अंक निघतो, संस्थापकांच्या तसबिरीला हार पडतो, नामांकित माजी विद्यार्थ्यांची यादी छापली जाते. तेव्हा मनात असे येते की वारसा म्हणजे नेमके काय? जे मिरविण्याजोगे आहे तेवढेच, की जे घडले ते सारे?

ह्या प्रश्नाचे उत्तर आपल्याच गावातील शाळेवरून शोधू गेलो तर आपुलकी आड येईल. म्हणून उदाहरण दूरचे घेतो. आयर्लंडची राजधानी डब्लिन. तिच्या उत्तर भागात नॉर्थ रिचमंड स्ट्रीट नावाची एक लहानशी गल्ली आहे, आणि तेथे मुलांसाठी काढलेली ओकॉनेल शाळा आहे. ही शाळा 'ख्रिश्चन ब्रदर्स' ह्या कॅथॉलिक संघाची. हे ब्रदर धर्मगुरू नव्हेत. ब्रह्मचर्य, दारिद्र्य आणि आज्ञापालन ह्यांचे व्रत घेतलेले हे शिक्षक होत. त्यांच्या शाळा आपल्याकडेही आहेत. १८९० साली ते कलकत्त्यास स्थिरावले आणि दिल्लीतील सेंट कोलंबाज शाळा त्यांनीच १९४१ साली काढली. पण आज आपण आयर्लंडमध्येच राहू.

आयर्लंडचा देश इंग्लंडच्या ताब्यात, बहुसंख्य प्रजा कॅथॉलिक, आणि राज्यकर्ते प्रॉटेस्टंट पंथाचे. १६९५ साली तेथे एक कायदा झाला. त्याने कॅथॉलिक माणसास उघडपणे शाळा चालविण्याची बंदी केली आणि मुलांना शिकावयास परदेशी पाठविण्याचीही बंदी केली. आईबापांनी मग काय केले? कुंपणाच्या आडोशाला, गोठ्यात, पडक्या घरात पंतोजी बसवून पोरांना अक्षरे शिकविली. इतिहासात ह्यांना 'कुंपणाच्या शाळा' असेच नाव आहे. १७८२ मध्ये ही बंदी सैल झाली, पण तेव्हाही प्रॉटेस्टंट बिशपच्या परवान्यावाचून कॅथॉलिक शिक्षकास शाळा उघडता येत नसे.

अशा काळात, १७६२ साली, किल्केनी परगण्यातील कॅलन गावी एडमंड राइस जन्मास आला. शेतकऱ्याचा मुलगा. तो वॉटरफर्ड बंदरात चुलत्याच्या पेढीवर गेला. जहाजांना धान्य, मांस, शिधा पुरविण्याचा तो धंदा होता. राइस हुशार निघाला, धंदा वाढला, लग्न झाले. १७८९ साली अपघातानंतर पत्नी वारली आणि पदरी एक मुलगी राहिली. ती जन्मतःच अपंग. त्या मुलीची व्यवस्था त्याने पुढे नातलगांकडे केली आणि तिच्या खर्चाची तजवीक आयुष्यभर ठेवली. राइसला विरक्ती आली, पण ती रानात जाणाऱ्याची नव्हे. बंदराच्या धक्क्यावर भटकणारी, शिव्या देणारी, भुकेली पोरे तो रोज पाहत होता. श्रीमंतांच्या मुलांना पैसे देऊन शिक्षक मिळत, ह्या पोरांना कोणीच नव्हते.

१८०२ साली वॉटरफर्डच्या न्यू स्ट्रीटवर एका तबेल्यात राइसने शाळा भरविली. पगारी शिक्षक ठेवले, पण पोरांचा दंगा पाहून ते काम सोडून गेले. पगार वाढवूनही ते टिकेनात. तेव्हा राइसने धंदा आवरला आणि स्वतःच फळ्यापुढे उभा राहिला. त्याच्याजोगेच काही तरुण येऊन मिळाले. लवकरच गावाबाहेरच्या टेकडीवर माउंट सायन नावाची इमारत उभी राहिली. त्या इमारतीत वर्गांच्या जोडीला एक भट्टीखाना होता आणि एक शिंप्याची खोली होती. पोर उपाशी असेल तर आधी त्याला भाकरी, अंगात लक्तरे असतील तर आधी कपडे, आणि मग अक्षरे. मूल्यशिक्षण हा शब्द तेव्हा कोणी उच्चारीत नव्हते. पण मला विचाराल तर त्या शाळेचे पहिले मूल्य त्या भट्टीत भाजले गेले.

१८०८ साली ह्या मंडळींनी व्रते घेतली. १८२० मध्ये पोप सातवे पायस ह्यांनी संघास मान्यता दिली. येथे एक बारकी पण महत्त्वाची गोष्ट सांगावयाची आहे. १८१० साली एका आर्चबिशपला लिहिलेल्या पत्रात राइसने आपल्या शाळेची पद्धत वर्णिली. तीत त्याने म्हटले आहे की, क्वचित घडणारे काही अपराध सोडले तर आमच्याकडे मुलांना फटके मारीत नाहीत. तो काळ लक्षात घ्या. युरोपात काय आणि आपल्याकडे काय, छडीवाचून विद्या ही कल्पनाच कोणाला सुचत नव्हती. त्या काळी एक व्यापारी माणूस, ज्याने अध्यापनशास्त्राचा ग्रंथ लिहिला नाही, तो म्हणतो की आम्ही सहसा मारीत नाही. ही गोष्ट आपण गाठीस बांधून ठेवू, पुढे तिची गरज पडेल.

आता डब्लिनला येऊ. १८२८ च्या जूनमध्ये डॅनियल ओकॉनेल ह्याने नॉर्थ रिचमंड स्ट्रीटवरच्या शाळेची कोनशिला बसविली. ओकॉनेल म्हणजे आयरिश कॅथॉलिकांना राजकीय हक्क मिळवून देणारा पुढारी. पुढच्याच महिन्यात तो क्लेअरच्या निवडणुकीत विजयी झाला आणि १८२९ साली कॅथॉलिकांना पार्लमेंटात बसण्याचा हक्क मिळाला. शाळेची कोनशिला आणि हक्काची लढाई एकाच हाताने चालली होती.

१८३१ मध्ये सरकारने सर्व पंथांच्या मुलांसाठी राष्ट्रीय शाळांची योजना काढली. अनुदान मिळणार, पण धर्मशिक्षण ठरावीक वेळेतच द्यावयाचे आणि पुस्तके सरकारी. ब्रदर्सनी थोडे दिवस अनुभव घेतला आणि ते बाहेर पडले. अनुदान नाकारून त्यांनी आपली पाठ्यपुस्तके आपण लिहिली. सरकारी पुस्तकांत आयर्लंडचा इतिहास जवळजवळ नव्हताच, ह्या पुस्तकांत तो होता. पुढे आयरिश भाषाही त्यांनी वर्गात आणली. ज्या देशाला आपले नाव विसरावयास लावले जात होते त्या देशातील गरीब पोरांनी आपल्या देशाचे नाव ह्या शाळांतून शिकून घेतले. १९१६ च्या ईस्टरमध्ये डब्लिनला उठाव झाला आणि तो मोडल्यावर ज्यांना गोळ्या घालण्यात आल्या त्यांत एमन केंट, कॉन कोल्बर्ट आणि शॉन ह्यूस्टन हे तिघे ओकॉनेल शाळेचे विद्यार्थी होते. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले शॉन ओकेली आणि पंतप्रधान झालेले शॉन लेमास हेही तेथलेच.

शाळेला आणखी एक नामांकित विद्यार्थी लाभला, पण तो फार दिवस टिकला नाही. जेम्स जॉइस १८९३ साली काही महिने येथे होता. घरची स्थिती खालावली म्हणून वडिलांनी त्याला तेथे घातले, पण त्यांना त्याची लाज वाटे. ब्रदर्सची शाळा म्हणजे गाडीवाल्यांच्या आणि कारकुनांच्या पोरांची शाळा. पुढे जेझुइट संघाच्या बेल्व्हेडिअर कॉलेजात फी माफ होऊन जागा मिळताच मुलगा तिकडे गेला. ह्यावरून एक गोष्ट दिसते. धर्म एक, पंथ एक, परंतु शाळा दोन. एक सभ्य गृहस्थांच्या मुलांसाठी, दुसरी उरलेल्यांसाठी. उरलेल्यांची शाळा हीच ब्रदर्सची खरी प्रतिष्ठा होती.

हे ऐकताना आपल्यापैकी पुष्कळांना पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलची आठवण झाली असेल. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८८० च्या जानेवारीत ती शाळा काढली. टिळक, आगरकर ह्यांच्यासारखी विद्वान माणसे सरकारी नोकरीचा मोह सोडून थोडक्या वेतनावर तेथे शिकवावयास उभी राहिली. १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली. १८९० साली टिळकांनी तिचा राजीनामा दिला, तेव्हा वादाचा एक मुद्दा हाच होता की आजीव सदस्याने संस्थेबाहेर अर्थार्जन करावे की करू नये. जेझुइट लोकांचा स्वार्थत्याग टिळकांच्या डोळ्यांपुढे आदर्श म्हणून होता. धर्म निराळा, देश निराळा, पण शिक्षकाने पोटापुरते घेऊन बाकी सारे शाळेस द्यावे ही कल्पना दोन्हीकडे एकच. त्यागावर उभ्या राहिलेल्या शाळेचे मोल आपल्या लोकांना समजावून सांगण्याची गरज नाही.

पण मंडळी, येथेच थांबलो तर हे व्याख्यान शताब्दी-अंकातील लेख होईल. म्हणून आता दुसऱ्या पानाकडे वळू.

१८७८ साली इंग्रज सरकारने आयर्लंडमधील माध्यमिक शिक्षणासाठी एक कायदा केला. शाळेस थेट अनुदान नाही, मात्र मुलगा परीक्षेत उत्तीर्ण झाला की त्याच्या निकालाप्रमाणे शाळेस पैसे. ब्रदर्स आजवर अनुदानाशिवाय राहिले होते, हा पैसा मात्र त्यांनी घेतला. त्यात पाप नव्हते. शाळा चालवावयाच्या होत्या आणि गाडीवाल्याचा पोर सरकारी नोकरीच्या परीक्षेत उमरावाच्या पोराला मागे टाकतो हे सिद्ध करण्याची संधी होती. त्यांनी ते सिद्ध केले, निकालांत त्यांच्या शाळा अग्रेसर ठरल्या. पण ज्या दिवशी पोराच्या उत्तरपत्रिकेला किंमत आली त्या दिवशी न येणाऱ्या उत्तरालाही किंमत आली, आणि ती पोराच्या तळहातावर वसूल होऊ लागली. चामड्याचा पट्टा हे ब्रदर्सच्या शाळेचे चिन्हच बनून गेले. राइसच्या पत्रातला अपवाद हा नियम झाला.

पॅट्रिक पिअर्स हा १९१६ च्या उठावाचा म्होरक्या. तो ब्रदर्सच्याच वेस्टलँड रो येथील शाळेत शिकला होता. ह्या परीक्षापद्धतीवर त्याने जी पुस्तिका लिहिली तिचे नाव त्याने 'खुनी यंत्र' अशा अर्थाचे ठेवले. १९०८ साली त्याने मुलांसाठी आपली निराळी शाळा काढली. आपल्याकडे विजापूरकरांनी समर्थ विद्यालय काढले ते ह्याच दशकात. म्हणजे टीका परक्यांनी केली असे नव्हे, ती घरातूनच आली होती.

पण पट्टा ही दुसऱ्या पानाची पहिली ओळ झाली. खालच्या ओळी अधिक काळ्या आहेत. ह्याच संघाकडे दिवसाच्या शाळांशिवाय 'औद्योगिक शाळा' होत्या. नाव शाळेचे, पण मुलांना तेथे न्यायालय पाठवी, आणि पुष्कळदा अपराध एवढाच की घरी दारिद्र्य आहे. डब्लिनजवळ आर्टेन येथे १८७० पासून १९६९ पर्यंत अशी आठशेहून अधिक मुलांची सोय असलेली संस्था होती. पश्चिमेस लेटरफ्रॅक येथे दुसरी. मुलामागे ठरावीक रक्कम सरकार संस्थेस देई.

पीटर टायरेल नावाचा मुलगा १९२४ मध्ये आठ वर्षांचा असताना लेटरफ्रॅकला गेला. मोठेपणी तो सैन्यात शिरला आणि दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या हाती सापडला. युद्धकैद्यांची ती छावणी आपल्या बालपणीच्या शाळेपेक्षा बरी होती असे त्याने लिहून ठेवले आहे. १९५० नंतर त्याने ब्रदर्सना पत्रे पाठविली, अधिकाऱ्यांना पाठविली. कोणी दाद दिली नाही. ओवेन शीही-स्केफिंग्टन नावाचे एक सिनेटर मात्र शाळांतील मारहाणीविरुद्ध त्या काळी एकाकी आवाज उठवीत होते. त्यांच्या सांगण्यावरून टायरेलने आपली हकीकत लिहून काढली. ती छापली गेली २००६ साली. टायरेलने १९६७ मध्येच लंडनला आपले जीवन संपविले होते.

ब्रदर्सनी १९९८ मध्ये जाहीर क्षमा मागितली. २००९ च्या मे महिन्यात न्यायमूर्ती शॉन रायन ह्यांच्या चौकशी आयोगाचा पाच खंडांचा अहवाल बाहेर आला. त्याने नोंदविले की ह्या संस्थांत मारहाण हा अपवाद नसून रीत होती, मुलांच्या संस्थांतून लैंगिक अत्याचार सर्रास चालत, आणि शिक्षणखाते संघांपुढे नमते घेत राहिले. संघाने न्यायालयात धाव घेतल्यामुळे दोषी व्यक्तींची खरी नावे अहवालात आली नाहीत, हेही सांगितले पाहिजे.

आता प्रश्न असा की हे इतकी वर्षे झाकून कसे राहिले? गावाला काहीच कळत नव्हते असे म्हणवत नाही. माझ्या मते ह्याचे उत्तर वारशाच्या उजळ पानातच आहे. ज्यांनी पगार घेतला नाही, संसार केला नाही, ज्यांनी आमच्या पोरांना शिकवून कारकून केले, मास्तर केले, मंत्री केले, त्यांच्याविरुद्ध तक्रार कोणत्या तोंडाने करावयाची? त्यागाचे ऋण फार जड असते. पैशाचे कर्ज फेडता येते, उपकाराचे फेडता येत नाही, आणि ज्याचे ऋण फिटत नाही त्याला जाब विचारता येत नाही. गरीब आईबापांची कृतज्ञता खरी होती. पण त्या कृतज्ञतेने पोराच्या तळहाताकडे पाहण्याचे टाळले. सरकारला खर्च वाचत होता, तेही गप्प राहिले. अशा रीतीने जे पुण्य होते तेच पापाचे पांघरूण झाले.

कोणी म्हणेल की हा अन्याय आहे. दिवसाची शाळा निराळी, औद्योगिक शाळा निराळी. हजारो ब्रदर्सनी आयुष्यभर पोरांवर माया केली, त्यांचे हात कधी उठले नाहीत. हे म्हणणे खरे आहे आणि ते सोडून चालणार नाही. ओकॉनेल शाळेतील कित्येक म्हाताऱ्या विद्यार्थ्यांना आपल्या शिक्षकांविषयी आजही आदर वाटतो, आणि तो खोटा नाही. परंतु एका विद्यार्थ्याची गोड आठवण दुसऱ्याच्या जखमेचे उत्तर होऊ शकत नाही. एकाच खतावणीत जमा असते आणि नावेही असते. जमेची बाजू दाखवून नावेची पाने फाडणारा मुनीम प्रामाणिक ठरत नाही. राइस स्वतः व्यापारी होता, त्याला हा हिशेब पटला असता.

दुसरा कोणी उलट टोकाने म्हणेल की असल्या संस्थेचा वारसाच नको, सारे पुसून टाका. हेही मला पटत नाही. कारण त्या पट्ट्याला दोषी ठरवावयाचे तर मोजमाप कोठून आणावयाचे? ते १८१० च्या पत्रातच सापडते. संस्थापकाने सांगितले होते की मारू नका. म्हणजे अनुयायी चुकले ते संस्थापकाच्याच मापाने चुकले. वारसा टाकून दिला तर हे मापही हातचे जाते.

आज काय स्थिती आहे? डॉनॉ ओमॅली ह्या शिक्षणमंत्र्यांनी १९६६ मध्ये घोषणा केली आणि पुढच्या वर्षापासून आयर्लंडमध्ये माध्यमिक शिक्षण मोफत झाले. ब्रदर्सनी दीडशे वर्षे केलेले काम सरकारने शिरावर घेतले. १९८२ मध्ये शाळांतील मारण्यास बंदी झाली. व्रत घेणारे तरुण कमी होत गेले, आणि २००८ साली ब्रदर्सनी आपल्या ९० हून अधिक शाळा एका स्वतंत्र विश्वस्त संस्थेकडे सोपविल्या. त्या संस्थेला एडमंड राइसचेच नाव आहे. तिने शाळांसाठी पाच सूत्रे घातली आहेत : श्रद्धा व ख्रिस्ती मूल्ये, सर्वांची भागीदारी, अध्यापनात उत्कृष्टता, जिव्हाळ्याचा शाळासमाज आणि परिवर्तन घडविणारे नेतृत्व. आणि आयर्लंडही बदलला. २०१६ च्या शिरगणतीत ७९ टक्के लोकांनी आपणांस कॅथॉलिक म्हणवून घेतले होते, २०२२ मध्ये हे प्रमाण ६९ टक्क्यांवर आले.

नॉर्थ रिचमंड स्ट्रीटची शाळा अजून उभी आहे. तिच्या बाकांवर देशोदेशींहून आलेल्या कुटुंबांची मुले बसतात. त्यांतील पुष्कळांच्या घरी इंग्रजी बोलत नाहीत, पुष्कळांचा धर्मही निराळा. काही जुन्या लोकांना वाटते की शाळेचे कॅथॉलिकपण पातळ झाले. मला उलट वाटते. ज्यांना दुसरी शाळा सहज दार उघडीत नाही त्यांना आत घेणे, हेच तर तबेल्यातल्या त्या शाळेचे कॅथॉलिकपण होते.

ह्या साऱ्याचा आपणांशी संबंध काय? आपल्या संसदेने २००९ साली शिक्षणहक्काचा कायदा केला. त्याच्या १७ व्या कलमाने मुलास शारीरिक शिक्षा देण्यास आणि त्याचा मानसिक छळ करण्यास बंदी केली. कलम छापलेले आहे, पण 'आमच्या मास्तरांनी आम्हांला बडविले म्हणून आम्ही माणसात आलो' हे वाक्य अजून आपल्या प्रत्येक स्नेहसंमेलनात हशा आणि टाळ्या घेऊन जाते. जे माणसात आले ते व्यासपीठावर बसून हे सांगतात. ज्यांनी त्या माराने शाळाच सोडली ते स्नेहसंमेलनाला येत नाहीत. त्यांची नावे हजेरीपटावर असतात, शताब्दी-अंकात नसतात.

म्हणून आपल्यापैकी जे कोणी शाळांच्या नियामक मंडळांवर आहेत, पालक-संघात आहेत, माजी विद्यार्थी म्हणून देणगी देतात, त्यांना माझी विनंती आहे. पुढच्या वेळी शाळेत वारशाची गोष्ट निघाली की तीन प्रश्न विचारा. संस्थापकांनी कोणासाठी दार उघडले होते, आणि आज त्या जातीचा, त्या गरिबीचा मुलगा आपल्या वर्गात आहे काय? दुसरा, निकालाच्या टक्केवारीसाठी आपण कोणत्या मुलाला नववीतच मागे ठेवतो किंवा दुसरी शाळा पाहावयास सांगतो? आणि तिसरा, एखाद्या पोराला शिक्षकाविरुद्ध काही सांगावयाचे झाले तर ते कोणाकडे जाईल, आणि त्या माणसावर संस्थेचे दडपण असेल की नाही?

तिसरा प्रश्न सर्वांत अवघड आहे. शिक्षक जितका त्यागी, संस्था जितकी पुण्यशील, तितका तो विचारण्यास संकोच वाटतो. तरीही तो विचारला पाहिजे, आणि चांगल्या शिक्षकाला त्याचा राग येणार नाही. त्याचे हात स्वच्छ असतात, ते दाखविण्यात त्याला कमीपणा वाटत नाही.